विचारून न घेतलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना खलनायक आहे. हाडामांसाचा नव्हे, कागदावरचा. एका पत्राचं उत्तर माझ्यामुळे एकेचाळीस वर्षं अडून राहिलं. ते पत्र एवढी वर्षं माझ्याच पाठीखाली होतं, म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

पत्र वहीच्या पानावर लिहिलेलं होतं. अक्षर गोल, प्रत्येक ओळ उजवीकडे जरा वर चढत गेलेली. लिहिणारी मुलगी पाचवीत होती. तिनं शेवटी एकच प्रश्न विचारला होता: "माझ्या बाबांचा चेहरा तुम्ही कुणाला विचारून घेतला? उत्तर पाठवा."

मला मोठं बोलायची सवय नाही. माझ्या वाट्याला कायम फुगा आला. चित्रकथेत पात्राच्या तोंडाशी फुगा काढतात ना, तो. त्यात मावतील तेवढेच शब्द, आणि त्यातलेही निम्मे "हा हा हा". तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका बुजऱ्या चित्रकाराच्या हातून झाला. तो मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रकथा काढत असे. साप्ताहिकाची कचेरी वरच्या मजल्यावर आणि छापखाना खाली, त्यामुळे त्याच्या टेबलावरची दौत दिवसभर थरथरत असे. माणूस पुस्तकातला किडा. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा म्हटलं की त्याला घाम फुटे. वाचनालयात जाड पुस्तक उभं धरून बसायचा आणि पुस्तकाआडून लोकांचे चेहरे टिपायचा. कारण त्याच्या हातात एक खोट होती. त्याला मनानं चेहरा रचता येत नसे. झाड येई, घोडा येई, जळतं जहाजसुद्धा येई. चेहरा मात्र कुणाचा तरी पाहूनच काढावा लागे. आमच्या चित्रकथेचा नायक होता ना, तो त्यानं दाढीच्या साबणाच्या जाहिरातीवरून उचलला होता. गुळगुळीत गाल, हनुवटीला खळी. जगात असा माणूस कुठंच नव्हता, त्यामुळे कुणाची तक्रार यायचा प्रश्न नव्हता.

एका सोमवारी संपादक त्याच्या टेबलाशी आले. घाईचा माणूस. खुर्ची असली तरी बसत नसत.

"दोन महिने झाले, आपला नायक नुसता पूर आणि आगी विझवतोय," ते म्हणाले. "आता काय डासांशी लढवणार त्याला? मला खलनायक पाहिजे. पोरांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं पाहिजे. आणि बुधवारी पाहिजे."

चित्रकार "हो" म्हणाला. नाही म्हणायला जेवढा धीर लागतो तेवढा त्याच्याकडे कधीच नव्हता.

आता तुम्हाला खालच्या छापखान्यात नेतो. मागच्या अंगाला बांधणीची खोली होती. तिथं कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास, कडेला कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे ढीग आणि पायानं चालवायचं पिन मारायचं यंत्र. छापलेली पानं घडी घालून यंत्राच्या पाठीवर ठेवायची आणि पाय दाबायचा. खट्. एक पिन. पानं सरकवायची. खट्. दुसरी पिन. झाला अंक तयार. हे यंत्र चालवणाऱ्या माणसाला सगळे फौजी म्हणत, कारण तो लढाईवरून आलेला होता.

फौजीच्या चेहऱ्याची डावी बाजू वितळून पुन्हा थिजलेल्या मेणबत्तीसारखी होती. भुवई नाही. कातडी ओढलेली आणि चकचकीत. ओठाचा डावा कोपरा वर खेचला गेलेला, त्यामुळे तो रडला असता तरी हसतोयसाच दिसला असता. आवाज घशात खरवडून यायचा. म्हणून तो बोलतच नसे फारसा. चित्रकाराशी मात्र बोलायचा. दोन अबोल माणसं एकत्र आली की त्यांच्यात बऱ्या गप्पा होतात. फौजी उरलेल्या कागदाच्या तळहाताएवढ्या वह्या शिवायचा आणि चित्रकाराला द्यायचा. "घ्या मास्तर, तुमच्या माणसं चोरायच्या वह्या," म्हणायचा.

त्याच सोमवारी दुपारी वीज गेली. यंत्रं थांबली. दोघं कागदाच्या गोदामात रिमांवर बसले होते. आणि का कोण जाणे, फौजीनं तोंड उघडलं.

"छावणीत स्टोव्हचा भडका उडाला म्हणून घरी सांगितलंय, मास्तर. बायकोला, सगळ्यांनाच. तुम्हाला म्हणून सांगतो."

लढाई चालू होती तेव्हा छावणीत एक दिवस विचारणा झाली. नव्या मलमाची चाचणी आहे, कोण तयार आहे? जो येईल त्याला पंधरा दिवस रजा.

"बायकोचे दिवस भरत आले होते," फौजी म्हणाला. "मी हात वर केला. अकरा जण आधीच उभे होते. मी बारावा. मलम चोळलं, मुखवटे दिले आणि एका खोलीत कोंडलं. खोलीला एक काचेची खिडकी. आत धूर सोडला. मग काचेपलीकडून एकानं खूण केली, मुखवटे काढा. हुकूम म्हणजे हुकूम. काढले."

"मग?"

"मग काय, मलम कच्चं होतं." तो ओढल्या ओठानं खरंच हसला. "काचेपलीकडे तो घड्याळ बघून वहीत लिहीत होता. मी ओरडतोय आणि तो लिहितोय. अक्षर चांगलं असणार त्याचं, अजिबात घाई नव्हती."

"आणि रजा?"

"मिळाली की. पंधरा दिवसांची म्हणाले होते, कायमचीच मिळाली. मुलगी माझ्याआधी चार महिने घरी आली होती."

वीज आली. फौजी उठला, यंत्राशी गेला. खट्. खट्.

चित्रकार घरी आला. जेवला नाही. खिडकीशी बसून त्यानं फौजीनंच शिवलेली वही उघडली आणि पेन्सिलीनं तो चेहरा काढला. मित्रांनो, तो मी. छापलेला मी पुढे लाखांनी झालो, पण पहिला मी हा, तळहाताएवढ्या कागदावरचा. त्या रेषांत माया होती, एवढं मी माझ्या बापाच्या बाजूनं सांगतो. माया होती म्हणून पुढचं माफ होतं असं मात्र नाही.

बुधवार उजाडला तेव्हा खलनायक तयार नव्हता. संपादकांनी टेबलावरची वही उचलली, पानं चाळली आणि माझ्यापाशी थांबले.

"हाच! अरे, हाच तो!"

"नाही, ते... ते म्हणजे आपल्या..."

"आपल्या काय?"

चित्रकाराचं वाक्य तिथंच राहिलं. माझा जन्म त्या अर्धवट वाक्यात झाला. संपादक फौजीला रोज बघत, पण त्यांनी ओळखलं नाही. माणसं फौजीच्या चेहऱ्याकडे बघतच नसत, नजर त्याच्या खांद्यावर ठेवत.

"हा असा झाला कशानं?" संपादकांनी विचारलं.

चित्रकाराला शांततेची फार भीती. कुणी प्रश्न विचारला आणि आपण गप्प राहिलो की त्याला वाटे, आपण गुन्हा करतोय. त्या भीतीपोटी त्यानं खरा गुन्हा केला. तो म्हणाला, "सैन्यात... प्रयोग झाला त्याच्यावर. बारा जण होते. हा बारावा."

"वा! नाव झालं की तयार. बारा नंबर!"

असा मी 'बारा नंबर' झालो. मी विषारी धूर श्वासात घ्यायचो आणि शहरांवर सोडायचो. जगावर सूड उगवायचा एवढंच माझं काम. बँका, पूल, धरणं, शाळेची सहल, मला काही वर्ज्य नव्हतं. घात करण्याआधी मी गरजायचो, "वाजले तुमचे बारा!" आणि शेवटच्या चौकटीत नायकाच्या ठोशानं गटारात, समुद्रात नाहीतर ज्वालामुखीत पडायचो. दर आठवड्याला मार ठरलेला आणि पुढच्या आठवड्याला परत येणंही ठरलेलं.

एक गोष्ट मला आजही डाचते. काचेपलीकडे वहीत लिहिणारा तो माणूस आमच्या चित्रकथेत कुठंच आला नाही. ज्याच्यावर प्रयोग झाला तो खलनायक झाला. ज्यानं केला त्याला कुणी पेन्सिलसुद्धा लावली नाही.

माझं नाव झालं. अंक संपायला लागले. पोरं वह्यांच्या पुठ्ठ्यावर मला काढायची. मधल्या जोडपानावर माझा चेहरा एवढा मोठा छापत की अंक उघडताना धाकटी भावंडं किंचाळत. आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं. सगळा दोष चित्रकाराच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. कुणी आपल्याला घाबरतं याची एक नशा असते. तेव्हा मला वाटे, चेहरा माझाच आहे.

मग एका संध्याकाळी चित्रकार आणि फौजी बरोबरच छापखान्यातून बाहेर पडले. फौजी सायकल हातात धरून चालत होता. समोरच्या गल्लीतून आठदहा पोरं आली, थबकली आणि एकदम ओरडली, "बारा नंबर! पळा, वाजले बारा!" आणि खिदळत पळाली.

चित्रकारानं मान खाली घातली. फौजीनं पोरांना हात हलवून दाखवला.

"पोरं आहेत," तो म्हणाला. दोन पावलं गेल्यावर सायकलची घंटी उगाच वाजवून म्हणाला, "मास्तर, एक सांगू? डावा कान एवढा खाली नाहीये माझा. तुम्ही जरा जास्तच ओघळवता."

बस. एवढंच. ना राग, ना टोमणा. त्याला पहिल्या अंकापासून ठाऊक होतं. दर आठवड्याला स्वतःचा चेहरा तो हजारोंनी घडी घालून शिवत होता आणि एक चकार शब्द बोलला नव्हता. त्या क्षणी चित्रकारानं काय करायला हवं होतं हे तुम्हा लहानांनाही कळेल. सायकलचं हँडल धरून म्हणायचं होतं, चुकलो. त्याच्या ओठावर शब्द आलेही असतील. पण तो पुटपुटला, "हो, बघतो मी."

आणि पुढच्या अंकात त्यानं माझा कान दुरुस्त केला.

हसू नका मित्रांनो. माझा बाप असाच. माफी मागायच्या जागी त्याला रेघ सुधारायचं सुचलं. कान वर गेला आणि मी हुबेहूब फौजी झालो. त्यानंतर फौजी भर उन्हाळ्यातही गळ्याभोवती मफलर गुंडाळून, मागच्या रस्त्यानं घरी जाऊ लागला.

दोन महिन्यांनी ते पत्र आलं. वाचकांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात होतं. पाकिटावर फौजीच्या घरचा पत्ता होता. सगळंच पत्र सांगतो, मला ते पाठ आहे.

"चित्रकार काका यांस, मी पाचवीत आहे. बाबा तुमचा अंक घरी आणतात. बारा नंबर माझ्या बाबांसारखा दिसतो. माझे बाबा स्टोव्हने भाजले आहेत. त्यांच्यावर कुणी प्रयोग केला नाही आणि ते कुणाला मारत नाहीत. माझ्या वह्या तेच शिवतात. वर्गात मला बारा नंबरची मुलगी म्हणतात. बाबा म्हणाले, काका चांगले आहेत, त्यांना त्रास देऊ नकोस. म्हणून बाबांना न सांगता लिहिते आहे. माझ्या बाबांचा चेहरा तुम्ही कुणाला विचारून घेतला? उत्तर पाठवा."

चित्रकारानं उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या दिवशी सात कागद फाडले. "तो चेहरा तुझ्या बाबांचा नाही" असं लिहावं तर ते धादांत खोटं. "हो, त्यांचाच आहे" असं लिहावं तर पोर विचारणार, मग प्रयोगाचं कुठून आणलंत? आणि तिच्या बापानं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते उघडं पडणार. जे गुपित तो दर आठवड्याला साऱ्या शहराला विकत होता, ते एका मुलीला सांगायची मात्र त्याला भीती वाटली.

त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. शिवणकाम करायची. तिनं टोपलीतले कागदाचे बोळे पाहिले.

"बाळ, काय लिहितोयस एवढं?"

"पत्राचं उत्तर."

"मग लिही की. पत्र काय चावतंय?"

त्यानं पत्र घडी करून माझ्या वहीत, बरोबर माझ्या पाठीमागे ठेवलं. उद्या लिहू म्हणाला. मित्रांनो, 'उद्या'सारखा खलनायक नाही. मी त्याच्यापुढे किस झाडकी पत्ती.

पत्र आल्यावरही तीन वर्षं मी छापला जात होतो. मग मुलांची आवड बदलली, साप्ताहिक बंद पडलं, छापखाना विकला गेला. फौजी कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यात लागला. चित्रकार पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या काढू लागला. बेडकाची पचनसंस्था, फुलाचे भाग, ज्वालामुखीचा छेद. बेडूक तक्रार करत नाही. मी वहीत, वही पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. कसर लागली. माझ्या उजव्या खांद्याचा एक तुकडा तिनं खाल्ला. मला वाईट वाटलं नाही. चेहरा खाल्ला असता तर सुटलो असतो असं वाटलं.

बारा वर्षांपूर्वी फौजी गेला. चित्रकारानं वर्तमानपत्रात वाचलं. चपला घातल्या, त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. बहिणीनं विचारलं, "भेटलास?" तो म्हणाला, "गर्दी होती." खोटं होतं ते. मी त्याला त्या दिवशी ट्रंक उघडून वही नुसती हातात धरून बसलेलं पाहिलं आहे. उघडायचं धाडस झालं नाही त्याला.

आणि यंदा अचानक आमचं नशीब फळफळलं. एक प्रकाशिका आली. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, खांद्यावर पोत्याएवढी पिशवी.

"आजोबा, माझं लहानपण तुमच्या बारा नंबरनं खाल्लंय!" ती दारातूनच म्हणाली. "भावाला मी त्याचं नाव सांगून रडवायची. सगळे अंक एकत्र छापायचेत मला. जाड पुस्तक. आणि मुखपृष्ठावर त्याचा चेहरा, एवढा!" तिनं दोन्ही हात पसरले.

एकोणऐंशी वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत त्याचं कौतुक करायला दारात कुणी आलं नव्हतं. तो "हो" म्हणाला. आणि मी? मी ट्रंकेत उड्या मारल्या. पुन्हा छापलं जाणार! पुन्हा पोरं घाबरणार! पाठीखालचं पत्र मी विसरलो. खलनायक तो खलनायकच.

जुन्या अंकांची पानं सुटी करून द्यायची होती. भाऊबहीण टेबलाशी बसले. अक्का पातळ सुरीनं एकेक पिन उचकटून काढत होती. डोळे अधू झालेत तिचे, पण बोटं अजून तीच. दहाबारा अंक झाल्यावर ती थांबली.

"बाळ, हे शिवणारा माणूस कसा होता रे?"

"का?"

"हात पक्का होता त्याचा. प्रत्येक अंकात पिना दोन, वरची कडेपासून चार बोटांवर. सगळीकडे सारखी. पण हे बघ. ज्या अंकात मधल्या पानावर तुझा हा भुताचा चेहरा आहे, तिथं पिन खाली सरकलीय. इथंही. इथंही." तिनं पाच अंक ओळीनं मांडले. "चुकून एकदा सरकेल. दर वेळी नाही सरकत. त्यानं टाका मुद्दाम चुकवलाय."

चित्रकारानं चष्मा पुसला. जोडपान उघडलं. वरची पिन नेहमीच्या जागी बसली असती तर नेमकी माझ्या डोळ्यातून गेली असती. ती चांगली तीन इंच खाली, गळ्याजवळच्या कोऱ्या जागेत होती. तिथं पिन नेण्यासाठी त्या यंत्राचा अडसर सोडवून पुन्हा कसावा लागे, आणि काम संपलं की परत जागेवर आणावा लागे. फौजी ते करत होता. न सांगता, सहा वर्षं.

मला हे तेव्हापासून माहीत होतं. त्याच्या हाताखालून मी लाखो वेळा गेलो, मला एकदाही टोचलं नाही. पण मी कुणाला सांगणार? माझ्या फुग्यात तसं कुणी लिहिलंच नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी मी ते गरजून सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

"कोण होता तो?" अक्कानं पुन्हा विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. गोदामातली दुपार, बुधवार, कान, पत्र, सगळं. थांबत थांबत, टेबलाकडे बघत. अक्का ऐकत राहिली. मग तिनं वही ओढून घेतली, माझ्या पाठीमागचं पत्र काढलं, उजेडात धरून वाचलं.

"एवढं मोठं झालं होतं आणि मला म्हणालास गर्दी होती?"

तो टेबलावरच्या सुट्या पिना गोळा करू लागला.

"मूर्खा. बस आणि लिही."

"आता काय लिहू, अक्का? ती एक्कावन्न वर्षांची असेल. तू म्हणू की तुम्ही? दहा वर्षांच्या मुलीला लिहू की..."

"जिनं विचारलं तिला लिही. पाकिटावर बाईंचं नाव घाल."

"तिथं राहत तरी असेल का?"

"घराला काय पाय फुटलेत? जाऊन बघ."

तो गेला. दहा मिनिटांची वाट. दारावर अजून फौजीच्याच नावाची पाटी होती, जिन्यात एक जुनी सायकल टेकवलेली होती, आतून कुणी बाई फोनवर कुणाला तरी हसत रागावत होती. घंटीपर्यंत त्याचा हात गेला आणि परत आला. घरी येऊन म्हणाला, "आहे ती. मी पोस्टानंच पाठवतो."

"दहा मिनिटांच्या वाटेला तिकीट लावणार?" अक्कानं कपाळावर हात मारला. "बरं, लाव. तुझ्याकडून एवढं झालं तरी पुष्कळ."

उत्तर लिहायला त्याला चार दिवस लागले, पण या वेळी एकही कागद फाडला नाही. खाडाखोड तशीच ठेवली. त्यानं लिहिलं:

"तू विचारलं होतंस, माझ्या बाबांचा चेहरा तुम्ही कुणाला विचारून घेतला. कुणालाच नाही. त्यांना विचारायला हवं होतं. ते खालच्याच मजल्यावर होते. वर्गात तुला जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. तुझे बाबा कुणाला मारत नव्हते हे तू लिहिलंस ते खरं आहे, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं. उत्तर द्यायला उशीर झाला असं मी म्हणणार नाही, उशीर हा शब्द फार लहान आहे. मी भ्यालो.

तुझ्या बाबांनी एकदा मला त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली होती. ती घरात कुणाला सांगितलेली नाही म्हणाले होते. ती मी माझी असल्यासारखी वापरली. ती तुझी आहे. ऐकावीशी वाटली तर मी सांगेन, जशीच्या तशी. नको असेल तर मी ती पुन्हा कुणाला सांगणार नाही.

बारा नंबरचं पुस्तक काढायचं म्हणतात. मी हो म्हटलं होतं. ते हो मी परत घेतलं आहे. तू म्हणशील तसं होईल. तू नाही म्हणालीस तर एक पानही छापलं जाणार नाही. सोबत पहिलं चित्र पाठवतो आहे. चेहरा तुमच्या घरचा आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव."

प्रकाशिकेला त्यानं फोन करून सांगितलं. मग ती म्हणाली, "आजोबा, पुस्तक थांबेल हो. तुम्ही आधी ते पत्र टाका."

मग त्यानं मला वहीतून अलगद सोडवलं. फौजीनं घातलेला टाका कापला नाही, उसवला. पत्राच्या घडीत ठेवलं आणि पाकीट बंद केलं.

खलनायकाला भीती वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटली. ती मला फाडेल, चुलीत घालेल, नाहीतर कपाटात उपडा ठेवेल. पुस्तक निघणार नाही, पोरं मला विसरतील. आणि गंमत अशी, की एवढी भीती वाटत असताना मला पाकिटातून बाहेर पडावंसं एकदाही वाटलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही चित्रं काढाल, गोष्टी लिहाल, कुणाच्या नकला कराल. करा. पण ज्याचं घ्याल त्याला आधी विचारा. वस्तू मागून घेतो तसं माणसाचं दुखणंही मागून घ्यावं लागतं. आणि कुणी तुम्हाला प्रश्न विचारला, तर उत्तर वाईट असलं तरी द्या. तुम्ही गप्प राहिलात तरी प्रश्न काही जात नाही, तो मोठा होत राहतो.

सकाळी भाऊबहीण टपालपेटीपाशी आले. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. कुणी शाळेला, कुणी कामाला. चित्रकाराचा हात पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्याची बोटं पाकिटाच्या कागदातून मला लागत होती. गार होती.

"अक्का, तिनं उत्तर नाही दिलं तर?"

"मग एकेचाळीस वर्षं वाट बघ," अक्का म्हणाली. "टाक आता. मागे लोक खोळंबलेत."

बोटं सुटली. मी खाली पडलो.